बिनस्क्रीनचं चित्र

निथळत ठेवलेल्या भांड्यांतून चमचा घसरला आणि ओट्यावर खणकन पडला. तिने श्वास रोखून आतल्या खोलीकडे पाहिलं. बबडीने नुसतीच कूस बदलली. सुटले बाई!

लेक दुपारी निजली की हिचं ऑफिस उघडायचं. संशोधन केंद्रात एकमेकांना जोडलेली शेकडो यंत्रं होती. तिने ती कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. पुलाभोवती वारा कसा वळतो, याची गणितं ती यंत्रं करायची. त्या आकड्यांचं चित्र काढणारं सॉफ्टवेअर तिथे बसवायचं काम हिच्याकडे. यंत्रांना ना ग्राफिक्स कार्ड, ना स्क्रीन. अंधारात सुई ओवण्यातला प्रकार!

फोन थरथरला. केंद्रातले सर होते.

"अहो, काल चालतंय म्हणालात ना? इथे तर नन्नाचा पाढा. स्क्रीन सापडत नाही म्हणतंय."

"चालत होतं, सर."

"कुठे, तुमच्या स्वयंपाकघरात?"

तिला हसू आलं आणि तिथेच विरलं. खरंच की! काल तिने घरून जोडून पाहिलं, तेव्हा त्या लबाड सॉफ्टवेअरने गुपचूप तिच्याच लॅपटॉपची स्क्रीन उसनी घेतली होती. यंत्रं एकटी पडली आणि पितळ उघडं पडलं.

"चारला बैठक आहे. घरून जमत नसेल तर सांगा, इथे येणारं माणूस बघतो."

नवरा बोटीवर, आई देशाच्या दुसऱ्या टोकाला. बबडीला टाकून ही कुठे जाणार?

तिने सगळं मुळापासून पुन्हा बांधायला घेतलं. स्क्रीन मागायचीच नाही. प्रोसेसरने मनातल्या मनात चित्र काढायचं आणि थेट फाइलीत ठेवायचं. काम मुंगीच्या पावलांनी सरकत होतं. मधेच बबडी डोळे चोळत आली आणि मांडीत शिरली. तिला थोपटत हिने एका हाताने चाचणी लावली, या खेपेला स्वतःच्या स्क्रीनची वाट बंद करून.

फाइल आली. पुलाच्या खांबामागे निळे-केशरी भोवरे! चारच्या आत तिने ती सरांना धाडली.

सरांचा निरोप आला, "मिळालं. पुढचंही तुम्हीच बघा." बस, एवढंच. नोकरी राहिली होती.

"काय आहे गं हे?" बबडीने चित्रावर बोट ठेवलं.

"वारा."

"कुणी काढला?"

"मी. म्हणजे, यंत्राकडून काढून घेतला."

"भारीच!" म्हणत बबडीने लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलायला घेतला.

"अगं, कुठे निघालीस?"

"दाखवायला." ती दारापर्यंत जाऊन थबकली. "आई, कुणाला दाखवायचं?"