काळी म्हैस आणि मुका

नगरच्या सावेडीत कल्याण ठोंबरेला सगळे माइकवाला कल्याण म्हणत. लग्न असो, बारसं असो की दुकानाचं उद्घाटन, तो माइक घेऊन उभा राहिला की रुसलेले मामेसुद्धा हसायचे. गेल्या वर्षी त्याच्या मोटरसायकलवर मागे बसलेला धाकटा भाऊ हनुमंत अपघातात गेला. कल्याणला नुसतं खरचटलं. आईनं त्याला त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही आणि ते न विचारणंच त्याला आतून पोखरत राहिलं.

कार्यक्रमात तो लोकांना हसवायचा, पण आपणही संपावं हे मनात पक्कं होत चाललं होतं. मित्रांना सांगितलं असतं तर त्यांना तो नवा विनोद वाटला असता. म्हणून त्यानं मोबाईलवर एक ग्रुप शोधला. जगण्याला कंटाळलेली अनोळखी माणसं तिथे खोट्या नावानं एकमेकांना लिहायची. तोंड दिसत नसल्यामुळे खरं बोलता यायचं. कल्याणनं ‘मुका’ हे नाव घेतलं आणि सगळं लिहून टाकलं.

पहिलं उत्तर कुणा ‘शांतिदूत’चं आलं. “मनाचं ऐक, मित्रा. जायचं तर जा.”

त्याच्याखाली लगेच दुसरं. “ओ शांतिदूत, लोकांना वाटंला लावायची एवढी हौस हाय तर एस्टीत कंडक्टर व्हा. आन् मुक्या, तू थांब. माझं एक काम हाय तुझ्याकडं.”

लिहिणारीचं नाव होतं ‘काळी म्हैस’. काम असं होतं की कल्याणनं गल्लीतल्या सगळ्यात खडूस माणसाला गाठायचं, ‘आज लई तरतरीत दिसताय’ म्हणायचं आणि तो काय म्हणतो ते कळवायचं. तोवर कुठे जायचं नाही.

कल्याण चिडला. “मी मरायचं म्हणतोय आणि तुम्ही चेष्टा करताय?”

“मरायचं माझ्या बी मनात येतं. पन आधी मला त्याचं उत्तर ऐकायचंय.”

कल्याण गेला. पार्किंगवरून सगळ्यांशी भांडणारे छगनकाका फाटकातच उभे होते. कौतुक ऐकून त्यांनी कल्याणला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाले, “वर्गणी मिळणार नाही.”

हे वाचून काळी म्हैस खूश झाली. “आता मला काम दे,” तिनं लिहिलं.

ती अंगणवाडी चालवते एवढं तिनं सांगितलं होतं. कल्याणनं लिहिलं, “पर्यवेक्षिका आल्या की पोरांना झोपेचं सोंग घ्यायला शिकवा.” तिनं ते केलं. बाई तपासणीभर चवड्यांवर चालल्या, कुजबुजत बोलल्या आणि जाताना ‘शिस्त उत्तम’ असा शेरा देऊन गेल्या.

मग हे रोजचंच झालं. खोड्यांच्या मधेमधे खरंही निसटायचं. ती अकोले तालुक्यातल्या डोंगरातली होती, भंडारदऱ्याकडची. नवरा धरणाच्या पाण्यात गेला, लेक नाशकात दिलेली. दोन ताटं काढायची सवय जात नव्हती. रेंज फक्त गावाबाहेरच्या खडकावर यायची, तिथे बसून ती लिहायची.

एके दिवशी तिचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कल्याण सारखा ग्रुप उघडून बघत राहिला. राजूरला कार्यक्रम आहे असं घरी सांगून तो एस्टीत बसला आणि राजूरहून जीपनं पुढे गेला. वाड्यावाड्यांवर विचारत फिरता फिरता दुपारी त्याला एक म्हातारा भेटला.

“बाबा, इथं खडकावर बसून मोबाईल बघणारी काळी म्हैस कोण?” घाईत त्याच्या तोंडून निघून गेलं.

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे निरखून पाहिलं, हाताला धरून गोठ्यात नेलं आणि म्हैस दाखवली. “ही काळी. मोबाईल न्हाई बघत. आन् इकायची बी न्हाई.”

कल्याणला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात भाताच्या खाचरातून गुडघाभर चिखलानं माखलेली एक बाई वर आली. “कोन पाव्हनं?”

“मुका,” कल्याण म्हणाला.

“आगं बाई! ह्यो तर बोलतोय!”

“तुमचं उत्तर नाही आलं... मला वाटलं...”

“मोबाईल चिखलात पडला, बाबा. मी न्हाई.”

कल्याण बांधावर बसला आणि हुंदके देऊन रडला. साळूबाई, हे तिचं खरं नाव, नुसती शेजारी बसून राहिली. त्याचं रडून झाल्यावर तिनं घरी नेऊन कोरा चहा पाजला.

“मी दिसंना तर तुझा जीव असा झाला,” ती म्हणाली. “मंग घरच्यांचं काय हुईल? त्यांना ठावं तरी हाय का?”

तिनं त्याला खडकावर नेलं. कल्याणनं बहिणीला, ज्योतीला, फोन लावला. “ज्योती, मला जगावंसं वाटत नाही. बरेच महिने झाले.”

“आत्ता कुठे आहेस? जवळ कुणी आहे?”

“हाय! मी हाय!” साळूबाई मागून ओरडली.

पलीकडे आईनं फोन ओढून घेतला. “गाडी एवढी जोरात का हाकलीस रे?” तिचा आवाज फाटला. “आणि आता तूही जाणार? त्याचं रडून झालं नाही अजून माझं!”

“बोल, आई,” कल्याण म्हणाला. “अजून बोल.” आणि आई कितीतरी वेळ बोलत राहिली.

फोन ठेवून त्यानं तो साळूबाईपुढे धरला. “आता तुमच्या लेकीचा नंबर सांगा.”

“म्हशीला पानी दावायचं हाय,” म्हणत ती उठायला लागली. कल्याणनं पदराचं टोक धरून तिला बसवलं. तिनं आधी शिव्या दिल्या, मग नंबर दिला.

पुढच्या आठवड्यात ज्योती कल्याणला नगरमधल्या मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. साळूबाईची लेक मोनिकाही आईला तिथेच घेऊन आली, कारण एकटीनं गोळ्या खाणार नाही असं साळूबाईनं ठणकावलं होतं. गोळ्यांनी लगेच काही पालटलं नाही. काही सकाळी अंथरुणातून उठणं कल्याणला अजूनही जड जायचं. पण तसं झालं की तो आता ज्योतीला सांगायचा.

चौथ्या तारखेला दवाखान्याच्या काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, “आजी, तुम्ही दोघं सारखे एकत्रच येता. हे तुमचे कोण?”

“जावई,” साळूबाई गंभीरपणे म्हणाली.

बाकावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. “आई!” जिचं लग्न होऊन दोन पोरं झाली होती ती मोनिका किंचाळली. ज्योतीला हसून हसून ठसका लागला, आणि साळूबाई पदर सावरत कल्याणला म्हणाली, “बसा की जावईबापू, उभे का ऱ्हायलात?”