पावडरीखालचं पुरळ

चंद्रभागाबाई कांबळे महापालिकेच्या शाळेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका. पोरांना सरळ करण्यात हयात गेलेली, त्यामुळे कुणापुढे कुरकुर करणं त्यांना कमीपणाचं वाटे. आतड्याचा कॅन्सर यकृतात पसरला, सर्जननी हात टेकले, तेव्हा अँटिबॉडीच्या नव्या औषधाच्या चाचणीत त्यांना घेतलं. यापुढे दुसरा इलाज नव्हता.

दुसऱ्या सलाइननंतर तोंडावर, छातीवर लालभडक पुरळ उठलं. बाईंनी लगेच ताडलं. सोसत नाही म्हटलं की चाचणीतून नाव काढून टाकणार! मग काय, गालांवर पावडरचा थर, गळाबंद ब्लाउज, आणि हडपसरच्या आयटी कंपनीतल्या मुलाला, संतोषला, फोनवर "मी ठणठणीत आहे." लपवाछपवी मात्र पहिलीतल्या पोराच्या वरताण.

"काही त्रास?" पुढच्या खेपेला चाचणी घेणाऱ्या डॉ. नम्रतांनी विचारलं.

"आम्हाला कसला त्रास?"

डॉक्टर नर्सकडे वळल्या. "काहीच त्रास नाही, म्हणजे यांना डोस कमी पडतोय असं दिसतंय. आज वाढवूया. सोसला तर पुढच्या पेशंटनाही तेवढाच देता येईल."

पुढच्या पेशंटना! बाई चपापल्या. आपल्या एका थापेवर कोणा परक्याच्या अंगात जास्तीचं औषध जाणार होतं. त्यांनी पदर पाण्यात बुडवला आणि खसाखसा गाल पुसले.

"हे बघा. मला काढायचं तर काढा, पण माझ्या शब्दावर कुणाला जास्त देऊ नका."

डॉक्टर अशा काही भडकल्या की बाईंना जन्मात कुणी एवढं झापलं नव्हतं. मग खुर्ची ओढून त्या शेजारी बसल्या.

"अहो बाई, या औषधानं पुरळ उठतंच. ज्यांना उठतं, त्यांना बहुधा गुणही येतो. आणि तुम्ही ते झाकून आलात?"

डोस होता तेवढाच राहिला, पुरळाला मलम मिळालं.

स्कॅनच्या दिवशी संतोष रजा टाकून आला. डॉक्टरांनी जुनी-नवी चित्रं शेजारी लावली. यकृतातल्या गाठी निम्म्याहून लहान झाल्या होत्या. संतोषला हुंदका आवरेना. बाईंचेही डोळे भरून आले, आणि त्यांनी ते कुणापासून लपवले नाहीत.

"आता ऑपरेशन करता येईल, असं सर्जन म्हणताहेत," डॉक्टर म्हणाल्या. "सावकाश विचार करून सांगा."

"विचार कसला? तारीख उद्याची मिळते का बघा."