ओलं फडकं

भागवतनं पिशवीतून वाफेच्या मशीनचा मास्क काढला. त्याला गुंडाळलेलं फडकं अजून गार होतं. शिरूर कासारहून बीडला येताना एसटीत त्यानं ते दोनदा बाटलीतल्या पाण्यानं भिजवलं होतं. या खेपेला मशीन घेऊन या, असा डॉक्टरीणबाईंचा निरोप होता.

"हे ओलं कशासाठी?" बाईंनी विचारलं.

"धूळ लई हाय आमच्याकडं. फडक्यावरच बसती, आत जात न्हाई."

बाईंनी बेडक्याचा रिपोर्ट पुन्हा वाचला. त्याच्या नऊ वर्षांच्या लेकीला, संस्कृतीला, जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस. छातीतला कफ डिंकासारखा चिकट, आणि त्यात दीड वर्षात तिसऱ्यांदा तोच जंतू. म्हणजे पुन्हा चौदा दिवस सलाईन.

"हा जंतू ओलीतच वाढतो, भाऊ. मास्क रोज उकळायचा आणि कोरडा ठक्क ठेवायचा. फडक्याचं कुणी सांगितलं?"

फडकं त्याच्या बायकोच्या, मंगलच्या हिरव्या साडीचं होतं. मास्क ती माठाशेजारी ठेवायची, फडकं दिवसातून तीनदा भिजवायची. दिवाळीआधी ती गेली. त्यानंतर भागवतच्या हातून भाकरी करपल्या, शाळेची वेळ चुकली. फडकं मात्र त्यानं एकदाही वाळू दिलं नव्हतं.

शेजारी बसलेली संस्कृती त्याच्याकडं बघत होती.

"मीच," तो म्हणाला. "माझंच डोकं."

वॉर्डात सिस्टर सलाईन लावून गेली. संस्कृती बराच वेळ खोकली. मग म्हणाली,

"पप्पा, फडकं तर आई..."

"मीच सांगितलतं तिला. ती नकोच म्हणत होती."

"तुमाला वरणातलं मीठ कळत न्हाई. तुमी काय सांगताव आईला?"

भागवत उठला. फडकं बेसिनमध्ये पिळलं आणि खिडकीच्या गजावर उन्हात पसरलं. पाण्याचे थेंब खाली पडत राहिले.

संस्कृती सलाईनचा हात सांभाळत कुशीवर वळली. पाठ त्याच्याकडं केली.

"थापा. आईवानी. तुमी लई जोरात मारताव."

त्यानं तळहाताची वाटी केली, कफ सुटायला मंगलनं दाखवली होती तशी, आणि तिच्या पाठीवर हलक्या हातानं थापू लागला. कफ आत घरघरला.

"पप्पा, वाळलं की ते मला द्या."

त्याचा हात थांबला नाही.

"उकळून देतो," तो म्हणाला.