रखमाआबांचा हात

धरणात कसल्या आल्यात लाटा, असं पुण्याची पाहुणेमंडळी विचारतात तेव्हा माझं डोकं फिरतं. आषाढात घाटावरून वारा सुटला की पवनेचं पाणी असं उसळतं, की बोटीत बसल्या जागी दात वाजतात. तसाच वारा बघून शरच्चंद्र सरांनी आम्हाला पाण्यावर नेलं. सर नौदलातून निवृत्त झालेले, तळेगावचे. बुडणाऱ्याला वाचवणारी बोट कशी हाकायची, ते आम्हा पवनानगरच्या गावकऱ्यांना शिकवत होते.

बोट मी, म्हणजे महिपती, चालवायचो. सारिका दोर टाकायची. आणि रखमाआबा नुसता हात रोखून बसायचे.

नुसता म्हणालो खरा, पण तेच काम अवघड. लाटा असल्या की बोट सरळ बुडणाऱ्यावर घालता येत नाही, वळसा घालून वाऱ्याकडे तोंड करून जावं लागतं. तेवढ्यात माणूस लाटांमागे दिसेनासा होतो. म्हणून एकानं त्याच्यावरून नजर काढायची नाही, हात त्याच्याकडे धरून ठेवायचा. चालवणाऱ्यानं त्या हातामागे जायचं.

हे काम आबांनी मागून घेतलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा कैलास एका पर्यटकाला काढायला याच पाण्यात उतरला. पर्यटक वाचला. आबा काठावर होते. जीपमधला दोर आणायला ते वळले, आणि परत बघतात तर पाणी मोकळं. तेव्हापासून हा माणूस हसायचं विसरला. बोटीवर मात्र त्यांना हुरूप यायचा. "आता मी नजर काडनार न्हाई," एवढंच म्हणायचे.

सरावाला आम्ही जुन्या कपड्यांचं बाहुलं पाण्यात सोडायचो. त्याला मी 'पाव्हणं' म्हणायचो. शांत पाण्यात आबांचा हात कधी चुकला नव्हता.

त्या दिवशी पाव्हणं सोडलं, वळसा घेतला, हातामागे गेलो, तर तिथं काहीच नाही. पाव्हणं पार डावीकडे हेलकावत होतं. दुसऱ्यांदाही तेच.

"आबा, चष्मा घरी ऱ्हायला का काय?" मी ओरडलो.

तिसऱ्यांदा पुन्हा मोकळ्या पाण्यावर आलो, तेव्हा सारिकानं माझा दंड धरला आणि काठाकडे मान हलवली. काठावरची जांभूळ बोटीच्या अगदी समोर होती. तिन्ही वेळा होती. कैलास याच जांभळीसमोर बुडाला होता. माझ्या त्या चष्म्याच्या थट्टेची मलाच लाज वाटली.

"आबा, पाहुणा मागे राहिला," सर हळूच म्हणाले.

"सर, अजून एकडाव द्या आबास्नी," मी म्हणालो. "वाऱ्यानं व्हतंय."

"वाऱ्यानं न्हाई," आबाच बोलले. "मला दिसतंय की पाव्हणं. त्ये काय तितं. पर हात तिकडं न्येला, तर ह्याच्यावरची नजर निघंल."

मग आबांनीच जाकिटाचा पट्टा सोडायला घेतला.

"मला काठावर सोडा, सर. उद्या कुनाचं लेकरू खरंच पडलं, तर मी बोट माज्याच पोराकडं न्हेईन."

सर एरवी एका चुकीवर खेकसायचे. त्यांनी तो पट्टा पुन्हा नीट बसवला, आणि काठ येईपर्यंत आबांचा खांदा सोडला नाही.

पुढच्या फेरीला हात सारिकाचा होता आणि दोर सरांकडे. पाव्हणं पहिल्याच दमात हाती लागलं. मी वळून बघितलं. जांभळीखाली आबा उभे होते, हात त्याच पाण्याकडे रोखलेला.

आम्ही बोट ओढून बांधली, तरी तो हात खाली आला नाही. घरी चला म्हणायची माझी छाती झाली नाही. मी त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो आणि ते बघत होते तिकडेच बघत राहिलो.