अर्धवट उठलेले बाबा

तारांगणातला प्रोजेक्टर बाबांनी अठ्ठावीस वर्षं चालवला. आता त्याच घुमटाखाली माइक हातात घेऊन मी बोलते. घरात कुणीही फोटो दाखवला की बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला, "केव्हाचा?" माझ्यासाठी स्थळांचे फोटो आले तेव्हाही त्यांनी हेच विचारलं आणि दोन मुलगे तिथेच गळाले.

आई गेल्यापासून ते एकटे राहतात, माझ्यापासून बसने दीड तासावर. गुडघे कुरकुरतात, पण माझ्याकडे यायचं नाव काढत नाहीत. शेवटी मी हट्टाने त्यांच्या बैठकीच्या खोलीत कॅमेरा लावून घेतला. मोबाइल उघडला की ते मला दिसतात. आधी त्यांनी नाक मुरडलं, मग म्हणाले, "बरं झालं. काही लागलं तर हात हलवीन. फोन कोण शोधत बसणार?"

त्या दिवशी तारांगणात सकाळपासून शाळांसाठी खेळ होते. पावणेअकराला पहिला संपला आणि मी मोबाइल उघडला. बाबा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अर्धवट उठलेले, मांडीवरचा पेपर घसरत असलेला. चहा टाकायला निघाले असतील. जिवाला बरं वाटलं आणि मी आत गेले.

दुसऱ्या खेळात घुमटावर देवयानी दीर्घिका आली. मी रोजचंच सांगितलं. हा प्रकाश तिथून पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालाय, म्हणजे आपण बघतोय ती त्या वेळची देवयानी. पहिल्या रांगेतल्या मुलीने विचारलं, "मग आत्ता तिथे काही झालं असेल तर?"

"आपल्याला कळणारच नाही," मी म्हणाले. "आपल्याला सगळं ठीकच दिसत राहणार."

मुलं हसली. मीही हसले.

बाहेर येऊन पुन्हा मोबाइल उघडला. बाबा अर्धवट उठलेलेच होते. पेपर अजून घसरतच होता.

तासभर कुणी खुर्चीतून उठत नसतं. चित्रातल्या भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा वाजले होते आणि माझ्या मनगटावर बाराला दहा कमी. म्हणजे मघाशी मला बरं वाटलं तेही शिळ्या बाबांकडे बघून. जन्मभर 'केव्हाचा' ऐकत वाढले आणि नेमकं तेवढंच विचारायचं राहिलं. स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्यात असं वाटलं.

त्यांचा फोन नुसता वाजत राहिला. शेजारच्या काकूंकडे घराची किल्ली असते. त्यांना फोन लावला.

"काकू, बाबांकडे जाता का? आत्ताच्या आत्ता."

"अगं, काय झालं?"

"तेच माहीत नाही."

तिकीट खिडकीवरच्या ताईंना पुढचा खेळ रद्द करायला सांगून मी रस्त्यावर धावले आणि मिळाली ती टॅक्सी पकडली. फोन कानालाच होता. काकूंच्या चपला जिन्यावर वाजल्या. किल्ली कुलपात फिरेना. मग फिरली. मग काहीच ऐकू येईना, आणि तेवढ्या वेळात मी नको नको ते सगळं बघून घेतलं.

"पडलेत गं," काकू म्हणाल्या. "शुद्धीवर आहेत. पाय हलवता येत नाहीये. घे, बोल."

बाबांचा आवाज बारीक झाला होता. "चष्मा आणायला उठलो. तो इंटरनेटचा डबा आहे ना, त्याच्या वायरीत पाय अडकला. डबा पण आला खाली."

"खूप दुखतंय?"

"दुखतंय. पण घाबरलो नाही मी. कॅमेऱ्यासमोरच पडलोय. सारखा हात हलवतोय. म्हटलं, ती बघतेय म्हणजे निघालीच असेल." ते दम घ्यायला थांबले. "दिसत होतो ना गं तुला?"

टॅक्सी सिग्नलला उभी होती. खिडकीच्या काचेत मला माझाच चेहरा दिसत होता.

"हो बाबा," मी म्हणाले. "दिसत होतात."

केव्हाचा, हे त्यांनी विचारलं नाही.