बकारामच्या अंगणातली दुसरी चूल

मित्रांनो, माझ्याकडे बघून हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मधे खंड पडणार नाही. मी एक जुनी दोनचाकी ट्रॉली आहे, जीपच्या मागे अडकवतात तसली. माझी एक बाजू हिरवी, दुसरी निळी, आणि पाठीला चक्क स्वयंपाकघर आहे. शेगडी, मसाल्याचा डबा, पळ्या, झारे, सगळं. पण ते पुढं येईल. सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं.

माझा जन्म कोहमाऱ्याचा. हायवेच्या कडेला लीलाधर मिस्त्रीचं वेल्डिंगचं दुकान आहे, तिथं मी घडले. भंगारातल्या जीपचा आख, कुठल्याशा गाडीच्या कमानी, फक्त पत्रा तेवढा नवा. लीलाधर हाताचा पक्का आणि तोंडाचा तिरसट. मला बनवायला सांगणारा शेतकरी बकाराम रोज येऊन "झाली का?" विचारायचा. लीलाधर मान वर न करता म्हणायचा, "पोरगी पाहाले आला का बे? धीर धर." शेवटी हिरवा रंग सुकला आणि बकाराम मला घरी घेऊन गेला. त्याची बायको रुख्मा हिनं माझ्या दांडीला हळदकुंकू लावलं. माझं कौतुक झालं ते असं.

मग वर्षानुवर्षं मी राबले. कधी भाड्याचा ट्रॅक्टर, कधी कुणाची जीप, जे मिळेल त्याच्या मागे जायचे. धानाची पोती, खताच्या गोण्या, धानाच्या तणसाचे भारे, लग्नाघरची भांडी, काय म्हणाल ते वाहिलं. रुख्मा पोत्यांवर बसायची आणि रस्ताभर बकारामला सूचना करायची. बकाराम एकीलाही उत्तर द्यायचा नाही. तो बोलायचा फक्त आपल्या बैलांशी.

पुढं शेतात हार्वेस्टर आले आणि धान थेट मोठ्या ट्रॉलीत पडू लागलं. माझी गरज संपली. कामापुरता मामा, दुसरं काय. त्याच सुमारास रुख्मा गेली. मला गोठ्यामागं मोहाच्या झाडाखाली लावून दिलं, ते तिथंच. टायर बसले, पत्र्याला जंग चढला, कोंबड्या माझ्यात अंडी घालू लागल्या. वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू?

बैल विकले, तेव्हा बकारामला बोलायला कुणी उरलं नाही. मग संध्याकाळी तो माझ्या दांडीवर येऊन बसायचा, तंबाखू मळायचा आणि माझ्याशी बोलायचा. मुलगा भूपेंद्र घरातच होता, सून रेणूही होती. पण भूपेंद्रशी त्याचं बोलणं म्हणजे "जेवला का" आणि "मोटर बंद केली का", एवढंच. सुनेसमोर तर तो खाकरूनच घरात शिरायचा. माया नव्हती असं समजू नका, भरपूर होती. ती बोलून दाखवायची त्या घरात रीत नव्हती.

भूपेंद्रनं एक जुनी जीप घेतली होती. हिवाळ्यात इटियाडोह धरणाच्या बाजूला पाखरं बघायला लोक येतात, त्यांना तो फिरवायचा. पाहुणे म्हणायचे, राहायची आणि जेवायची सोय झाली तर आम्ही दोन-चार दिवस थांबू. धरणाकडे भूपेंद्रच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं आपल्या बांधावर तंबू लावायला जागाही दिली. उरला स्वयंपाक. तेव्हा रेणूला मी आठवले.

"परक्या लोकाईले रांधून घालाले आपली सून जाईल का?" बकारामनं विचारलं.

"धान वर्षातून एकदा होते, बाबा. बाकीचे दिवस काय करू?" भूपेंद्र म्हणाला.

त्यानंतर या विषयावर दोघंही अक्षर बोलले नाहीत. बापाला पटलेलं नाही, हे भूपेंद्रला आतून खात होतं. पण विचारायची हिंमत नव्हती.

मला ओढून पुन्हा लीलाधरकडे नेलं. तो म्हणाला, "हे म्हातारी अजून जित्ती आहे का?" मी राग गिळला. त्यानं माझा मागचा फाळका कापला, त्याला खालून बिजागऱ्या आणि दोन्ही बाजूंनी साखळ्या लावल्या. फाळका उघडला की आडवा राहायचा आणि त्याचाच ओटा व्हायचा. वर गुळगुळीत पत्रा ठोकला, म्हणजे फडकं मारलं की साफ. शेगडी घसरू नये म्हणून पट्ट्यांत बसवली आणि तिच्या तीन बाजूंनी वारा अडवायला उभे पत्रे दिले. सिलेंडरला पुढं दांडीवर, उघड्या हवेत पिंजरा केला. पाण्याचा ड्रम नळासकट बाजूला बसवला. जीप सोडल्यावर मी पाठीवर उलटू नये म्हणून खालून दोन टेकूही दिले. हिरवा रंग संपला, म्हणून एक बाजू निळी झाली.

आत प्लायचे खण केले. पहिल्या चाचणीला गावाबाहेरच्या गतिरोधकावर सगळे खण धाडकन उघडले आणि तिखट, मीठ, तूरडाळ यांचा काला झाला. रेणू रस्त्यातच बसून हसली. मग प्रत्येक खणाला कडी आली. तिनं एकेक वस्तू हाताला सवयीची होईपर्यंत हलवून हलवून लावली. चहाची भांडी खाली, मसाला मधे, काडेपेटी नेहमी उजवीकडे. म्हातारपणी मला असं कुणी सजवलं, याचा मला फार आनंद झाला.

निघायच्या काही दिवस आधी रेणू म्हणाली, "अंगनातच एकदा रांधून पायतो. तिकडं पाहुण्याईसमोर फजिती नोको." बकाराम शेतावर गेला होता. त्याचं जेवण तिनं घरातल्या चुलीवर करून झाकून ठेवलं. मग अंगणात माझा फाळका उघडला, शेगडी पेटवली, भात लावला, वांग्याची भाजी केली. दोघं माझ्यापाशीच ताटं घेऊन बसले, कारण ओट्यावरून वाढणं जमतं का तेही बघायचं होतं.

तेवढ्यात बकाराम फाटकातून आत आला. त्यानं पेटलेली शेगडी बघितली, जेवणाऱ्या दोघांना बघितलं आणि सरळ हातपाय धुवायला गेला.

मित्रांनो, आमच्याकडे एका अंगणात एकच चूल असते. दुसरी पेटली की समजायचं, घर फुटलं. जमिनीचे हिस्से कागदावर पुढं कधीतरी होतात, आधी चूल वेगळी होते. बकाराम आणि त्याचा भाऊ बिसराम असेच वेगळे निघाले होते, आणि पाणी भरायच्या एका पितळी गुंडासाठी भांडले होते. बिसराम त्यानंतर मरेपर्यंत त्याच्याशी बोलला नाही.

त्या संध्याकाळी बकाराम माझ्या दांडीवर बसला. तंबाखू हातातच राहिली.

"रांधलं अन् दोघंच बसले खाले," तो म्हणाला. "मले हाक नाई मारली. रुख्मा असती त तिनं इचारलं असतं. मले नाई इचारता येत." त्यानं तंबाखू झटकून टाकली. मग म्हणाला, "पन पोराईवर हिस्सा मागाची पाळी नाई येऊ देनार मी. मागितलं का भांडन होते."

खरं काय ते मला माहीत होतं. पण मला चाकं आहेत, जीभ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माळ्यावरची भांडी काढली. पितळी गुंड, दोन गंज, परात, रुख्माचा पोह्यांचा डबा. बरोब्बर अर्धी भांडी आणून त्यानं माझ्या ओट्यावर मांडली.

रेणू बाहेर आली आणि बघतच राहिली. "मामाजी, हे आमाले?"

"तुमचंच होय," तो म्हणाला.

ती वाकून पाया पडली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच मागं फिरला. रेणूनं ती भांडी चिंचेनं घासली आणि माझ्या खणांत हौसेनं लावली. भूपेंद्र बिजागरीत तेल घालत होता. तो हळूच म्हणाला, "बाबाले पटलं वाटते. मी त घाबरूनच होतो." त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि मग उगाच माझ्या चाकाला लाथ मारली.

पुढं बकारामनं नव्या धानाच्या तांदळाचं पोतं आणून ठेवलं. तेही दोघांनी आनंदानं ठेवून घेतलं. बाप देत होता आणि आतून तुटत होता. मुलगा घेत होता आणि फुलत होता. संध्याकाळी बकाराम माझ्यापाशी येऊन एकच वाक्य म्हणायचा, "एकदाही नाई म्हनला, का बाबा, नोको."

निघायचा दिवस आला. पाहुणे कोहमाऱ्याच्या एका ढाब्यावर थांबणार होते. भूपेंद्रनं मला जीपला अडकवलं, कड्या तपासल्या. तेवढ्यात बकाराम घरातून आला. आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसला होता. हातात खापर, आणि खापरात घरच्या चुलीतले निखारे.

तो रेणूसमोर येऊन उभा राहिला. "घे माय. घरचा इस्तो ने. नवी चूल यानंच पेटव. बरकत राह्यते."

भूपेंद्र हसला. "बाबा, याच्यात गॅस आहे. इस्तो कायले?"

रेणू मात्र हसली नाही. तिचं माहेर देवरीकडचं. तिचे काका वेगळे निघाले तेव्हा आजोबांनी असंच खापर हातात दिलेलं तिनं लहानपणी बघितलं होतं. तिचा चेहरा उतरला.

"मामाजी," ती म्हणाली, "तुमी काय समजून राहिले?"

"समजाचं काय त्याच्यात? तुमी वेगळे निघून राहिले. मी मनाई नाई करत. बिसराम अन् मी भांडून निंघालो. तुमी हसत निंघा."

भूपेंद्रच्या हातून साखळी सुटली. "वेगळे? कोन सांगतलं तुमाले?"

"अंगनात दुसरी चूल पेटली," बकाराम खाली बघत म्हणाला. "भांडे देल्ले, ठेवून घेतले. तांदूर देल्ले, ठेवून घेतले. एकदा त नोको म्हनला असता."

"तुमी आपल्या हातानं देऊन राहिले म्हून मी खुश होतो," भूपेंद्र म्हणाला. "मले वाटलं, माहं काम तुमाले पटलं. मी तेवढ्याचीच वाट पाहून राहिलो होतो, बाबा."

जीपमधे ठेवलेला फोन वाजत होता. पाहुण्यांचा असणार. कुणी उचलला नाही. बकारामच्या हातातल्या खापरातले निखारे राखेनं पांढरे पडू लागले होते.

रेणूनं खापर त्याच्या हातातून घेतलं. सरळ घरात गेली, निखारे होते त्याच चुलीत ओतले, वर काटक्या घातल्या आणि फुंकत बसली. थोड्या वेळानं छपराच्या कवेलूंमधून धूर वर आला. ती डोळे चोळत बाहेर आली.

"मामाजी, आपली चूल हेच होय," ती म्हणाली. "पाहुणे गेले का आमी परत येतो. तवर हिले इझू देऊ नोका."

बकाराम ओसरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. भूपेंद्र त्याच्याशेजारी जाऊन बसला. फोन पुन्हा वाजला, तरी तो उठला नाही. त्या दिवशी आम्ही फार उशिरा निघालो आणि पाहुण्यांची बोलणी खाल्ली.

धरणाच्या काठी माझं काम चोख झालं. वाऱ्यात शेगडी विझली नाही, गतिरोधकावर एकही खण उघडला नाही. रेणूच्या हातचा भात पाहुण्यांनी मागून मागून खाल्ला. पण ती मधेच थबकायची आणि गावाच्या दिशेनं बघायची.

परत आलो तेव्हा दिवस बुडत होता. घराच्या कवेलूंवर धूर होता. शेजारीण फाटकापाशीच म्हणाली, "तुमचा बुढा शेतावर गेलाच नाई. चुलीपाशी बसून होता." बकारामनं जन्मात पहिल्यांदा रांधलं होतं. ओसरीवर तीन ताटं मांडून ठेवली होती. भात खाली लागला होता आणि वरण खारट होतं. त्यानं स्वतः वाढलं, आणि वाढताना विचारलं, "पाहुण्याईले काय काय रांधलंस माय? सांग बरं."

रेणू सांगत होती, तो ऐकत होता. भूपेंद्रनं तळाशी लागलेली खरवड मागून घेतली. जेवण झाल्यावर रेणू माझ्यातली पितळी भांडी काढून घरात नेऊ लागली, तर बकारामनं अडवलं. "राहू दे तिच्यातच. रुख्माचे भांडे होत. पाहुण्याईले त्याच्यातच वाढत जा."

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी काहीतरी विनवणी करतात. माझीही आहे. आखाला ग्रीस लावा, पावसात उघड्यावर टाकू नका, कोंबड्यांना आवरा. पण त्याहून मोठी विनवणी दुसरी आहे. तुमच्या घरातलं कुणी न बोलता तुमच्या हातात काही ठेवून गेलं, तर ते घेऊन आनंदानं आत पळू नका. थांबा, त्याचा हात धरा आणि विचारा, हे मला का देताय. आणि तुम्ही देणारे असाल, तर देण्याआधी तोंड उघडा. मी त्या अंगणात उभी राहून दोघांचंही सगळं ऐकत होते, आणि माझ्यानं काही झालं नाही. तुम्हाला तर फक्त एकदा विचारायचं आहे.