थांबा म्हटल्यावर काय काय थांबलं

आता जे सांगणार आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. न बसो. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवणारं माणूस आमच्या घरात अजून जन्मायचंय, आणि जन्मलंच तर बाकीचे त्याला बोलायला यायच्या आधी सावध करतील. पण माझ्या एका शब्दाने एकदा अख्खं शहर जागच्या जागी उभं राहिलं होतं. आणि तो शब्द मी उताणी पडून, दोन्ही पाय वर टांगलेल्या अवस्थेत उच्चारला होता.

“मावशी, हळू,” मुंगी म्हणाली. “सगळ्या बघतायत.”

“बघू देत. फुकटची करमणूक आहे. इथला टीव्ही तर मुकाच आहे.”

मुंगी माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. लहानपणी गोडाचा डबा कुठेही लपवा, ही बरोबर पोचायची, म्हणून मुंगी. आता तिशी ओलांडलेली चांगली दणकट बाई आहे आणि लिफ्ट दुरुस्त करते. उंच इमारतींच्या त्या काळोख्या उभ्या बोगद्यात कमरेला पट्टा बांधून लोंबकळते, दातांत टॉर्च धरते आणि खाली बघून शीळ घालते. दातांत टॉर्च असताना शीळ कशी घालते, ते विचारू नका. उंदराला घाबरत नाही, उंचीला घाबरत नाही, साहेबाला तर नाहीच नाही. घाबरते ती एकाच गोष्टीला, आणि ती गोष्ट समोरच्या बंद दाराआड होती: बायकांच्या डॉक्टरकडचं तपासणीचं टेबल.

याआधी दोनदा ती त्या टेबलापर्यंत जाऊन आली होती. पहिल्यांदा कपडे काढून वर चढली, पाय अडकवले, तेवढ्यात दार उघडून कुणीतरी फाईल न्यायला आलं. दार पायांच्या बाजूला. मुंगी उतरली ती तडक घरीच गेली. दुसऱ्यांदा दुसरा दवाखाना, डॉक्टर बाईच होती म्हणून जरा हायसं वाटलं. पण बाई म्हटली म्हणजे तिचा हात हलकाच असेल असं थोडंच आहे? बाईंच्या खांद्याशी फोन दाबलेला. “हं, बोल, ऐकतेय,” असं फोनला म्हणता म्हणता त्यांनी ते उपकरण सरळ लावलंच. मुंगी आखडली. तर बाई म्हणाल्या, “अहो, सैल सोडा की! लग्न झालेल्या ना तुम्ही?”

बूट हातात घेऊन मुंगी बाहेर आली आणि जिन्यात बसली. तिथून तिने मला फोन केला. “मावशी, नाही जमलं गं.” आवाज इतका बारीक की मी आधी विचारलं, कोण बोलतंय?

तपासणी तर हवीच होती. पाळी नसताना मधेच रक्त जात होतं, काही महिने झाले. आत बघून नमुना घेतल्याशिवाय काही सांगता येणार नाही, असं सगळे डॉक्टर एका सुरात सांगत होते. हिची आई, म्हणजे माझी बहीण, असंच ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणत राहिली होती. शेवटी बघितलं तेव्हा बघण्यासारखं फार झालं होतं. त्यामुळे या वेळी मी ठरवलंच, की हिच्याबरोबर आपण जायचं आणि तोंड बंद ठेवायचं नाही. दुसरं मला जमतंही नाही.

प्रतीक्षागृहातल्या खुर्च्या एकाच लोखंडी दांड्यावर बसवलेल्या होत्या. मुंगीचा पाय हलत होता, त्यामुळे आमची अख्खी रांग थरथरत होती. टोकाला बसलेल्या एका पोटुश्या बाईने दोनदा वाकून बघितलं, गाडी कुठून येतेय म्हणून.

“तर सांगत होते,” मी म्हटलं. “तेव्हा मी बसस्थानकावर घोषणा करायचे.”

“ते माहितीय मावशी. सगळ्यांना माहितीय.”

“माझा आवाज कसा होता ते माहितीये का? मी ‘गाडी सुटत आहे’ म्हटलं की ज्या गाडीला ड्रायव्हरच आलेला नाही तीसुद्धा दोन हात पुढे सरकायची.”

“उतार असेल.”

“बरं, असेल उतार. तर अशी मी, आणि एकदा माझी तपासणी निघाली. डॉक्टर मोठे नावाजलेले. खोली एवढीशी. आणि त्या दाराला कडीच नाही! एक जण आला तो फाईल न्यायला, एक आला मीटर बघायला. एक बिचारा दाताच्या डॉक्टरांकडे निघालेला, तो दार चुकला आणि आत येऊन त्याने थेट आ वासला.”

मुंगीच्या ओठाचा एक कोपरा हलला. पाय मात्र हलतच होता.

“आणि ते उपकरण. बदकाच्या चोचीसारखं असतं बघ. इतकं गार की सिस्टर दुपारी प्यायच्या पाण्याची बाटली त्याला टेकवून ठेवायची. डॉक्टर काही सांगेनात, काही विचारेनात. मी म्हणजे जणू बॉनेट उघडून ठेवलेली गाडी. वर पंखा फिरतोय, मी पंख्याकडे बघतेय.”

मुंगीने मान खाली घातली. “मीपण पंख्याकडेच बघत होते,” ती म्हणाली.

“सगळ्या तिकडेच बघतात. पंखे बनवणाऱ्यांना कल्पना नाही, आपल्या मालाकडे किती बायका किती मन लावून बघतात. तर बघता बघता मला वाटलं, बस्स झालं. आणि मी म्हटलं, ‘थांबा!’”

हे मी जरा खऱ्या आवाजात म्हटलं. पाणी भरून घेणाऱ्या एका बाईंनी चटकन नळ बंद केला.

“मग?”

“मग काय! डॉक्टरांचा हात थांबला. पंखा थांबला. बेसिनच्या नळातून एक थेंब सुटला होता, तो मधल्या मधे लटकून राहिला. भिंतीवरचं घड्याळ थांबलं. बाहेर चौकातली वाहनं थांबली. पलीकडच्या बसस्थानकातल्या ड्रायव्हरांनी माझा आवाज ओळखला आणि सगळ्यांनी एकदम ब्रेक दाबले. त्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबली, आत चार माणसं आणि एक कपाट.”

“लिफ्ट आवाजाने थांबत नाही,” मुंगी लगेच म्हणाली. हिचा पाय थांबला होता, मला दिसलं. “वेग बेसुमार वाढला तर गव्हर्नर असतो, तो ब्रेक टाकतो. आवाजाचा काही संबंध नाही.”

“मग त्या दिवशी तुझा तो गव्हर्नर दचकला असेल.”

“मावशी, तो माणूस नसतो. चाक असतं.”

“चाकालाही मन असतं.”

टोकाची पोटुशी बाई आता चार खुर्च्या अलीकडे येऊन बसली होती. “पण मग परत सगळं चालू कसं झालं हो मावशी?” तिने विचारलं.

“मी ‘हं, चला’ म्हटल्यावर. मी म्हणेपर्यंत एक पान हललं नाही. आधी मी दार लावून घ्यायला सांगितलं. अंगावर चादर मागून घेतली. ती चोच कोमट पाण्यात धरायला लावली. पुढे काय करणार ते आधी बोलून दाखवा, म्हटलं. नाक शिंकरलं. दोन श्वास घेतले सावकाश. मग म्हटलं, हं, चला. आणि सगळं शहर चालू झालं.”

मुंगी बराच वेळ आपल्या अंगठ्याला लागलेलं ग्रीस खरवडत राहिली. मग तिने विचारलं, अगदी हळू, “डॉक्टर चिडले नाहीत?”

हाच तिचा खरा प्रश्न होता. दोन दवाखान्यांतून तो घशात अडकवून फिरत होती पोरगी.

“चिडायला तोंड हलवावं लागतं,” मी म्हटलं. “तेही थांबलं होतं.”

ती हसली. मग माझ्याकडे वळून नीट बघत म्हणाली, “तू खरंच म्हणालीस, थांबा?”

“म्हणजे काय! चार दिवस घसा बसला होता,” मी म्हटलं आणि पिशवीत रुमाल शोधायला लागले. रुमाल हातातच होता.

तेवढ्यात सिस्टरने हाक मारली.

आतल्या डॉक्टर पन्नाशीच्या होत्या, चष्मा कपाळावर चढवलेला. मुंगीला त्यांनी आधी खुर्चीत बसवलं, अंगावर कपडे असतानाच सगळं विचारलं, आणि शेवटी म्हणाल्या, “आधी कधी त्रास झालाय का तपासताना?”

मुंगी बुटांकडे बघायला लागली. मी कोपराने ढोसलं.

“झालाय,” ती म्हणाली. “म्हणजे… दोनदा उठून गेलेय मी. दाराची भीती वाटते. आणि… आधी सांगाल का, काय करणार ते?”

डॉक्टर उठल्या आणि त्यांनी स्वतः दाराला कडी घातली. सिस्टर मला म्हणाली, “आजी, नातेवाइकांनी बाहेर बसायचं.”

“मावशी इथेच बसेल,” मुंगी म्हणाली. “पडद्याच्या अलीकडे.”

“बसू देत,” डॉक्टर म्हणाल्या.

मी तिचं कामावरचं हेल्मेट मांडीवर घेऊन बसले. पडद्याआड कमरपट्ट्याचं बक्कल वाजलं. मग कपड्यांची घडी घातल्याचा आवाज, फार वेळ. मला न बघताच कळलं, चड्डी पॅंटच्या घडीत लपवणं चाललंय. आता घटकाभरात डॉक्टर काय काय बघणार, पण चड्डी दिसता कामा नये! आम्ही सगळ्या तशाच.

“मोजे काढू?” मुंगीने विचारलं. “एकाला भोक आहे.”

“राहू देत. पाय गार पडतात नाहीतर,” डॉक्टर म्हणाल्या. “ही चादर घ्या. आता मी हात लावणार आहे, मांडीला. लावला. ठीक आहे?”

“हं.”

“आता उपकरण. कोमट केलंय.”

आणि मग काहीच ऐकू येईना. ती शांतता मला चांगली ओळखीची आहे. श्वास रोखलेल्या बाईची शांतता ती. अशा वेळी आवाज कुठे जातो कुणास ठाऊक. भलाभला जातो. बसस्थानकभर घुमणारासुद्धा जातो, आणि बाई नुसती छताकडे बघत दात आवळून पडून राहते. मी हेल्मेट इतकं घट्ट धरलं होतं की त्याचा पट्टा हाताला रुतत होता. मनात म्हटलं, मुंगे, बोल. काहीही बोल, पण गिळू नकोस.

“थांबा,” पडद्याआडून आलं. एवढंसं.

“थांबले,” डॉक्टर म्हणाल्या.

ट्रेमध्ये काहीतरी ठेवल्याचा टिंग आवाज झाला. कुणी सुस्कारा टाकला नाही, कुणी घड्याळ बघितलं नाही. सिस्टरची चप्पलसुद्धा वाजली नाही. “सावकाश,” डॉक्टर म्हणाल्या. “तुम्ही म्हणाल तेव्हा.”

पडद्याआड एक लांब श्वास सुटला, ओला. मग दुसरा.

“हं,” मुंगी म्हणाली. “चला.”

“थोडा दाब येईल. आता येतोय.”

“आई गं.”

“थांबू?”

“नको. होऊ दे. दुखतंय, पण होऊ दे.”

“हा नमुना घेतला… आणि काढलं. झालं. छान केलंत. पडून राहा जरा, घाई नाही.”

मला चष्मा पुसावा लागला. हेल्मेट मांडीवरून घरंगळलं, ते सिस्टरने पकडून पुन्हा माझ्या हातात दिलं. मग पडद्याआड नाक ओढल्याचा आवाज आला, आणि त्याच्या मागोमाग खुदकन हसण्याचा.

“मावशी!”

“काय गं?”

“थापाडे! पंखा फिरतच होता!”